निव्वळ वजन

बारा वर्षं झाली, उद्यमनगरात
पेट्यांवर गावांची नावं रंगवते मी.
कार्ताहेना. ग्वायाकील. काल्याओ.
आत पंपांची बिडाची अंगं, भुश्श्यात निजवलेली,
बाहेर एकूण वजन, निव्वळ वजन,
आणि एक बाण: ही बाजू वर.
ती गेली. मी चहा पिऊन पुढची पेटी ओढली.

एकच पेटी परत आली, सहा वर्षांपूर्वी.
झाकणाच्या आत मार्करनं कुणीतरी लिहिलेलं:
नो सिर्वे.
अन्वर मुल्लाणी म्हणाला, सर्व्हिस नको म्हणत असतील.
मी शोधलं. ‘कामाचं नाही.’
माझं पहिलं स्पॅनिश वाक्य ते.

पुढची रंकाळ्यावर शिकले, पहाटे,
कानात वायर, ओठ हलते.
फिरायला येणारे म्हणत, जप करते बिचारी.
त्या भाषेत ‘आहे’ला दोन क्रियापदं,
एक कायमच्या असण्याला, एक सध्यापुरत्या.
मी एकटी आहे, हे कशात घालायचं
यात तळ्याची अख्खी फेरी गेली.
नपुंसकलिंग तर नाहीच तिथं.
घर बाई, पुस्तक बाप्या,
आणि मूल म्हणण्याआधी
मुलगा की मुलगी ते ठरवावं लागतं.

विमानाला फंडातले पैसे,
बाकीचे भिशीचे. नंबर सुलभा मगदूमचा होता.
‘मला काय घाई न्हाई,’ म्हणाली,
आणि तिच्या स्वयंपाकघराच्या उघड्या विटांकडे
दोघींनीही बघायचं टाळलं.
दिवसाला अठराशे रुपये, चार देश, सत्त्याऐंशी दिवस.
आठ जणांच्या खोलीत वरचा पलंग,
आणि रात्रीची बस पकडली की एका मुक्कामाचे पैसे सुटतात.
हे मला कुणी शिकवायला नको.
नागपूरला मुलाखतीला तशीच गेले होते एकदा.
नोकरी हुकली. लॉजचं भाडं वाचलं.

वहिनी म्हणाली, मसाला ने.
म्हटलं, मिरची मूळची तिकडचीच हो.
‘मग माहेरी रिकाम्या हातानं कशी धाडायची तिला?’
अर्धा किलो कांदा-लसूण, तीन पिशव्यांत,
तोंडं मेणबत्तीवर बंद केलेली.

शनिवारी पाळी सुटल्यावर
बॅग कारखान्याच्या काट्यावर ठेवली.
नऊ किलो चारशे. हवेत सात.
पोतं अंथरून सगळं पसरलं.
अन्वर एकेक वस्तू उचलून विचारी, मी निकाल देई.
दुसरी चादर? नो सिर्वे.
इस्त्रीची साडी, कुणी बोलावलंच तर?
कोण बोलावणार. नो सिर्वे.
अंबाबाईचा फोटो?
फ्रेम नो सिर्वे. फोटो दे इकडं.
स्टीलचा डबा त्यानं विचारलाच नाही,
आपल्या सायकलला अडकवला.
यल्लाप्पानं सुभाषनगरात शिवलेलं कापशी पायताण:
जड, भिजलं की आणखी जड.
‘आठ दिवस चावंल, मग इसरंल,’ म्हणाला होता.
ते राहिलं.

सात किलो नव्वद.
मग प्रवासाचं पुस्तक घेतलं
आणि जिथं जाणं जमणार नाही ते देश फाडले.
बोलिव्हिया, पराग्वे, चिली.
अर्जेंटिना फाडताना हात थांबला जरा.
अन्वरचा पोरगा पेठेच्या टीमचा गोलकीपर,
त्यानं तो भिंतीला लावला, म्हणे, डाळीच्या खळीनं.

सहा किलो नऊशे साठ.
अन्वरनं काळा रंग ढवळला, ब्रश झटकला.
गाव कुठलं घालू?
बारा वर्षांत हा प्रश्न मी त्याला विचारत आले.
म्हटलं, गाव नको.
त्यानं नुसता बाण काढला, थोडा वाकडा,
आणि खालून एक ओघळ आला.
‘वाळंस्तोवर पाठीला लावू नगंस.’
अजून नऊ दिवस होते.